दहाच्या आधीचं कॉलेज

मंडणगड तालुक्यातल्या मुलाला १९७०च्या आसपास कॉलेजात जायचं असेल, तर आधी तालुका सोडावा लागे. महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं डॉ. आंबेडकर कॉलेज १९६१ पासून होतं, चिपळूणला डी. बी. जे. कॉलेज १९६५ पासून, आणि रत्नागिरीचं गोगटे कॉलेज तर १९४५चं. दापोलीत शेतकी कॉलेज होतं. १९७२च्या मे महिन्यात तिथंच कोकण कृषी विद्यापीठ उभं राहिलं. नकाशावर ही गावं जवळजवळ दिसतात. पण घरून रोज जाऊन-येऊन शिकावं इतकं जवळ आमच्या वाडीला त्यातलं एकही नव्हतं. तिथं शिकायचं म्हणजे राहायची जागा, दोन वेळचं जेवण आणि फी हा सगळा खर्च, शिवाय घरातला कमावता हात एकानं कमी. आमच्या घरचं भात-नाचणी शिमग्याच्या पुढं फारसं जात नसे. उरलेलं वर्ष मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर निघायचं. अशा घरातला मुलगा शिकायला म्हणून बाहेर पडत नसे, कमवायला पडे. शिकायचंच असेल तर कमाई सांभाळून.

सातवी झाल्यावर चुलत्यांबरोबर मी मुंबईला आलो. म्हाप्रळला तरीतून सावित्री ओलांडायची आणि पलीकडं आंबेतला गाडीची वाट बघायची. तिथला पूल व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. मुंबईत दिवसा एका कापडाच्या दुकानात पोऱ्या म्हणून राहिलो, संध्याकाळी रात्रशाळेत जाऊ लागलो. गिरणगावातल्या रात्रशाळांनी कोकणातल्या मुलांसाठी जे केलं, ते अजून कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. १९७१ साली जुनी अकरावीची एस.एस.सी. पास झालो. त्याच वर्षी फोर्टातल्या एका कचेरीत शिपायाची जागा मिळाली आणि त्याच जूनमध्ये सिद्धार्थ कॉलेजात नाव घातलं. पुढची चार वर्षं, एफ.वाय.पासून सीनियर बी.ए.पर्यंत, सकाळी विद्यार्थी आणि दहानंतर शिपाई असा मी होतो.

त्या कॉलेजनं काय दिलं असं कुणी विचारलं, की मी आधी वेळ सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ला, सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले होते. उजाडता उजाडता सुरू व्हायचे आणि कचेऱ्या उघडण्याआधी संपायचे. फी माफ करणं, वसतिगृह बांधणं ही मदत डोळ्यांना दिसते. वेळापत्रक कुणाला दिसत नाही. पण तेच वर्ग साडेदहाला सुरू होत असते, तर फी पूर्ण माफ असूनही माझ्यासारख्याला कॉलेजचा जिना चढता आला नसता. शिक्षणाचा विचार करणाऱ्या माणसानं गरिबाच्या खिशाबरोबर त्याच्या दिवसाचाही विचार केला होता. मला ही त्या संस्थेतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आम्ही राहायचो ती गावाची खोली काळाचौकीला. खोली गावकऱ्यांच्या मंडळाची, भाडं माणशी वाटून. भिंतीला लागून प्रत्येकाची पत्र्याची पेटी आणि पेटीवर वळकटी. जेवण शेजारच्या चाळीतल्या मावशींच्या खानावळीत. खोलीतले बहुतेक जण गिरणीत होते. पहिल्या पाळीवाला निघाला की तिसऱ्या पाळीवाला येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. त्यामुळं खोलीत चोवीस तास कुणी ना कुणी झोपलेलंच असे आणि दिवा लावून वाचत बसायची सोय नव्हती. खोलीचे कारभारी म्हणजे आमच्याच वाडीतले एक काका, साच्यावर काम करणारे. त्यांना स्वतःला सहीपुरतं लिहिता येई. मी इंटरला असताना मंडळाच्या बैठकीत त्यांनी विषय काढला, की गॅलरीत एक बल्ब घ्यावा आणि त्याचं बिल वर्गणीतून भरावं. एकानं विचारलं, कुणासाठी? काका म्हणाले, “आज ह्याच्यासाटी. उद्या तुजा पोरगा येल, त्याच्यासाटी.” बल्ब लागला. पुढं त्याच्याखाली बसून बरेच जण शिकले.

पहाटे गिरणीचा भोंगा झाला की उठायचं. सार्वजनिक नळावर अंघोळ, कॉटन ग्रीनहून हार्बरची गाडी, बोरीबंदरला उतरून दादाभाई नौरोजी रोडनं चालत कॉलेजचं बुद्ध भवन. त्या वेळी फोर्टात दुकानांच्या फळ्या लागलेल्या असत, फुटपाथवर झोपलेली माणसं उठत असत, आणि त्यांच्यामधून हातात वह्या घेतलेल्या, कामाचे कपडे घातलेल्या माणसांची एक रांग कॉलेजकडं निघालेली असे. वर्गात माझ्यासारखे शिपाई होते, गोदीतले टॅली क्लार्क होते, पोस्टात टपाल निवडणारे होते, बेस्टचे कंडक्टर होते. दोघं-तिघं रात्रपाळी करून थेट येत. ते मागच्या बाकावर बसत आणि कधी कधी तिथंच झोपत. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी त्यांना कधी उठवलं नाही. तास संपल्यावर ते स्वतः बाकाजवळ जात आणि आज काय झालं ते दोन वाक्यांत सांगत.

प्राध्यापक मंडळींविषयी बाहेर आदर होता. मधू दंडवते तिथंच पदार्थविज्ञान शिकवत. मी दाखल झालो त्याच वर्षी ते राजापूरमधून लोकसभेवर निवडून गेले, त्यामुळं माझी त्यांची गाठ कॉलेजात पडली नाही. पण आमच्या जिल्ह्यातला मतदारसंघ आणि आमच्या कॉलेजातला प्राध्यापक, याचा मंडणगडच्या पोरांना फार अभिमान होता. गावी गेल्यावर आम्ही ते आवर्जून सांगत असू.

शिकवणं बरंचसं इंग्रजीत चाले. रात्रशाळेतून आलेल्यांना पहिलं वर्ष जड जाई. मी वर्गात कानावर पडेल ते देवनागरीत उतरवून घ्यायचो आणि दुपारच्या सुट्टीत शब्दकोश काढून बसायचो. वह्या विकत घेणं परवडत नसे. कचेरीत रद्दीत जाणाऱ्या टंकलिखित कागदांची एक बाजू कोरी असे. आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी ते कागद मला घेऊन जायची परवानगी दिली होती. त्यांचे गठ्ठे करून दाभणानं शिवायचो. एका बाजूला कुठल्या तरी मागणीपत्राची प्रत आणि दुसऱ्या बाजूला घटत्या उपयोगितेचा सिद्धांत, अशा माझ्या वह्या. त्यातल्या दोन अजून माझ्याकडं आहेत.

अर्थशास्त्र मी आवडीनं घेतलं असं म्हणता येणार नाही. नोकरीत उपयोग होईल एवढंच डोक्यात होतं. पण १९७२चा दुष्काळ आला आणि विषयाला अर्थ आला. गावाकडून पत्रं येत ती धान्याचीच. मुंबईत रेशनवर तांबडी मिलो मिळू लागली. तिची भाकरी थापताना मोडायची आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसायची. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांचे लाटणं मोर्चे निघत होते. सकाळी वर्गात सर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढायचे आणि मागून एखादा गोदीतला विद्यार्थी उभा राहून विचारायचा, “सर, काल आमच्याकडं धान्याची बोट लागली. माल उतरतोय, मग दुकानात का नाही?” त्यावर तास संपायचा. सरांनी एकदा सगळ्यांना सांगितलं, आपापल्या वस्तीतल्या रेशन दुकानाचा फळा महिनाभर रोज लिहून आणा, काय आलं आणि कधी संपलं. आम्ही आणलं. परळ, वरळी, धारावी, मुलुंड, कुठून कुठून कागद गोळा झाले. ते समोर पसरून सरांनी वितरण म्हणजे काय ते शिकवलं. दिवसभराच्या कॉलेजातल्या मुलांना हा तास मिळाला असता का, याची मला शंका आहे. तिथल्या मुलांकडे पुस्तक असतं, ग्रंथालयात बसायला दुपार असते. आमच्याकडे दुपार नव्हती, पण प्रत्येकजण शहराच्या एका कोपऱ्यात रोज आठ तास राबत होता, आणि जे बघत होता ते दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन येत होता.

कॉलेजजीवन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मैदान, कॅन्टीन, कट्टा येतो. आमचा कट्टा म्हणजे शेवटचा तास आणि कचेरीचं मस्टर यांच्यामधली पंधरा-वीस मिनिटं. कोपऱ्यावरच्या इराण्याकडं एक चहा दोघांत घ्यायचा आणि बोलायचं. किती बोलायचो! लालबाग-परळमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून होऊन वर्षच झालं होतं. कम्युनिस्ट युनियनची घरं आणि शिवसेनेच्या शाखा एकाच गल्लीत होत्या आणि आमच्या टेबलाभोवती दोन्हीकडची पोरं बसत. घड्याळाकडं बघत बघत वाद चालायचे. पावणेदहाला कुणी तरी उठायचं, मग सगळेच. अर्धवट राहिलेला मुद्दा दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू व्हायचा. भांडण उगाळायला वेळ नव्हता, त्यामुळं माणसं मुद्द्याला धरून राहत. पुढं मी बऱ्याच सभा-बैठका पाहिल्या, दिवस दिवस चालणाऱ्या. इतकं नेमकं बोलणं पुन्हा फारसं ऐकलं नाही.

माझ्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा आमच्याच तालुक्यातला, आंबडव्याच्या बाजूचा. तो नायगावला काकाकडं राहायचा आणि एका छापखान्यात खिळे जुळवायचा. बोटांच्या पेरांत शाई कायमची बसलेली. पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, “मंडणगडचा ना? मग आंबडवे ठाऊक असेल.” मला गाव ठाऊक होतं, तिकडून गुरं घेऊन येणारी माणसं बाजाराला दिसायची. बाबासाहेबांच्या घराण्याचं ते मूळ गाव, हे मला त्यानं सांगितलं. मी मंडणगडात सातवीपर्यंत शिकलो होतो. पानिपतची सनावळी पाठ होती, वेळासचे नाना फडणवीस पाठ होते. आणि आपल्याच तालुक्यातलं हे नाव मला फोर्टात, शाई लागलेल्या हातानं दाखवलेल्या एका छापील पत्रकावरून कळलं. कॉलेजच्या ग्रंथालयात बाबासाहेबांच्या संग्रहातली पुस्तकं होती. एकदा तो मला तिकडं घेऊन गेला. आम्ही काही काढून वाचलं नाही, त्या पुस्तकांचा आकार आणि जाडी बघत उभे राहिलो. एका माणसानं एका जन्मात हे सगळं वाचलं, यावर त्याचा विश्वास होता. माझा बसायला थोडा वेळ लागला.

मी कुणबी, तो बौद्ध. फोर्टात आमचा डबा एक होता. त्याच्या काकीच्या हातची सुकटीची चटणी मला आवडायची. शिमग्याला आणि मे महिन्यात आम्ही एकाच एसटीनं गावी जायचो, रात्रभर शेजारी बसून. मंडणगडला उतरलो की त्याची वाट वेगळी, माझी वेगळी. हे आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. चार वर्षांत तो माझ्या घरी आला नाही आणि मी त्याच्या घरी गेलो नाही. मुंबईतल्या गावाच्या खोल्यासुद्धा जातवार होत्या: आमची आमच्या लोकांची, त्यांची त्यांच्या लोकांची. त्याच्या घरचं अंगण मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या लग्नात, कॉलेज सुटल्यानंतर. कॉलेजनं आम्हाला एका बाकावर बसवलं, हे खरं आहे आणि ते फार मोठं आहे. तालुक्यातली पाऊलवाट मात्र कॉलेजच्या हाताबाहेर होती. ती ज्यांनी-त्यांनी नंतर, आपल्या उमेदीप्रमाणं, तुडवली. काहींनी अजून तुडवलेली नाही.

१९७२च्या मे महिन्यात दलित पँथर स्थापन झाली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’तल्या राजा ढालेंच्या लेखावरून सगळीकडं वादळ उठलं. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात काय बोलणं झालं, याच्या बातम्या सकाळी आमच्या वर्गात वर्तमानपत्रांच्या आधी पोचत. माझा सोबती छापखान्यातला, त्यामुळं पत्रकं त्याच्या पिशवीत असायचीच. १९७४च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली. दक्षिण-मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीचे दिवस होते. १० जानेवारीच्या पँथरच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. त्या आठवड्यात वर्गातले किती तरी बाक रिकामे होते. वरळीहून येणारी मुलं बाहेर पडू शकत नव्हती. जे आले त्यांच्यात कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आमच्या इतिहासाच्या बाईंनी त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. त्यांनी हजेरीपट घेऊन रिकाम्या बाकांवरची नावं एकेक करून वाचली आणि विचारलं, हा कुठं राहतो, कुणाला माहीत आहे का? ती कुठं राहते? ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी दोघा-दोघांना पत्ते वाटून दिले: वातावरण निवळलं की जाऊन भेटून या, झालेले तास त्यांना सांगा. मला जो पत्ता मिळाला तो वरळीचा होता. गेलो. त्या घरी मला आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं.

मुलींविषयी लिहायला हवं. वर्गात मुली होत्या. टेलिफोन खात्यातल्या ऑपरेटर, टायपिस्ट, म्युनिसिपल शाळेतल्या नव्या शिक्षिका. एक ऑपरेटर आपली पाळी दुपारची राहावी म्हणून दर महिन्याला कुणाकुणाला विनवत असे आणि आठवड्यातून दोन दिवस तरी रात्रपाळी संपवून येत असे. पण आमच्या तालुक्यातली एकही मुलगी त्या वर्गात नव्हती, आणि याचं कारण मला फार उशिरा नीट दिसलं. कोकणातल्या मुलांचं खरं वसतिगृह म्हणजे गावाची खोली. ती खोली पुरुषांची होती. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा हुशार, गणितात तर नक्कीच. ती मुंबईला येऊन राहणार कुठं? सकाळचे वर्ग तिच्यासाठीही उघडे होते. तिथवर पोचायला जी जागा लागते ती नव्हती. सातवीनंतर ती शेतावर राहिली. आज मुंबई विद्यापीठाचं मॉडेल कॉलेज आंबडव्यात आहे, मंडणगडला लोकनेते गोपीनाथजी मुंडे महाविद्यालय आहे, आणि तिची नात एसटीनं जाऊन-येऊन शिकते. बहीण तिचा डबा भरते, तेव्हा मी समोर असलो तर ती माझ्याकडं बघत नाही. मीही काही बोलत नाही.

फीसवलतीसाठी दरवर्षी उत्पन्नाचा दाखला लागे. ई.बी.सी.चा अर्ज कॉलेजात, पण दाखला मंडणगडचा. मी जूनच्या सुरुवातीला बाबांना पत्र टाकायचो. बाबा आधी तलाठ्याकडं, मग मामलेदार कचेरीत. पेरणीचे दिवस, पाऊस लागलेला, आणि वाडीपासून मंडणगड चालत. एका फेरीत काम झालं तर नशीब. दाखला पोस्टानं निघायचा, आणि मुदतीच्या आत पोचेल की नाही या विचारानं मी रोज संध्याकाळी खोलीवर आल्यावर आधी टपाल बघायचो. बाबांना अक्षरओळख नव्हती. ते दाखला पाकिटात घालण्याआधी शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यायचे, नाव बरोबर आहे ना, शिक्का उठलाय ना. कागदाची इतकी काळजी घेणारा माणूस मी पुढं कचेरीच्या तीस-पस्तीस वर्षांत क्वचित पाहिला.

कचेरीतलं काम आणि कॉलेज एकमेकांना आडवं येत होतं, तसं एकमेकांना धरूनही होतं. शिपायाच्या हातात प्यूनबुक असतं. हातपोच पत्र द्यायचं, त्यात समोरच्याची सही घ्यायची. त्या वहीनं मला मुंबई दाखवली: रिझर्व्ह बँक, सचिवालय, गोदीची कचेरी, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी. सकाळी वर्गात मध्यवर्ती बँकेची कार्यं शिकायची आणि दुपारी त्याच बँकेच्या आवक खिडकीवर उभं राहायचं. खिडकीतला कारकून सही करेपर्यंत मी भिंतीवरची परिपत्रकं वाचत असे. राज्यशास्त्रातले किती तरी इंग्रजी शब्द मला पुस्तकाआधी तिथं भेटले.

संध्याकाळी सुटल्यावर धोबीतलावच्या पीपल्स फ्री रीडिंग रूममध्ये जायचो. तिथं पंख्याखालची जागा मिळवायला लोक लवकर येत. माझ्यासारख्यांना दाराजवळची मिळायची. तिथं बसणाऱ्या अनोळखी माणसांत एक अलिखित व्यवहार होता. एखादा उठून चहाला गेला तर त्याची जागा कुणी घेत नसे, आणि तुमच्यासमोरचं पुस्तक कुणाला हवं असेल तर तो चिठ्ठी लिहून विचारे. त्या लोकांची नावं मला कधी कळली नाहीत.

कचेरीत आमचे हेडक्लार्क दहा वाजता मस्टर उचलत नसत. सव्वादहापर्यंत ते टेबलावर असे. नियमात नव्हतं, सकाळच्या कॉलेजला जाणारी तीन-चार पोरं आहेत एवढं त्यांना माहीत होतं. या पंधरा मिनिटांवर माझा शेवटचा तास उभा होता. एप्रिल १९७५ला मी सीनियर बी.ए.च्या परीक्षेला बसलो, हक्काची रजा सगळी त्यात घातली. निकाल लागायच्या सुमारास, २५ जूनला, आणीबाणी आली. कचेऱ्यांत वक्तशीरपणाची मोहीम निघाली, भिंतींवर पाट्या लागल्या, आणि मस्टर दहाच्या ठोक्याला वरच्या साहेबांकडं जाऊ लागलं. माझं कॉलेज संपलं होतं. माझ्या मागून जी दोन पोरं सकाळी शिकत होती, त्यांना शेवटचा तास सोडून पळत यावं लागे. त्यातल्या एकानं ते वर्ष सोडलं आणि परत नाव घातलं नाही. वक्तशीरपणा वाईट असं कोण म्हणेल? पण दहाच्या आधी तो मुलगा कुठं होता, हे विचारायची रीत त्या मोहिमेत नव्हती.

मी पास झालो. पुढं त्याच कचेरीत खात्याची परीक्षा देऊन कारकून झालो. खोलीवर पेढे वाटले तेव्हा काकांनी माझं प्रमाणपत्र हातात घेतलं, आडवं-उभं करून पाहिलं आणि तिसऱ्या पाळीहून आलेल्या एकाला झोपेतून उठवून दाखवलं.

त्यानंतर बरीच वर्षं संध्याकाळी एका रात्रशाळेत मी शिकवायला जात होतो. नववी-दहावीला सामाजिक शास्त्रं आणि गणित. मुलं हॉटेलात कपबश्या विसळणारी, हातगाडी ओढणारी, लेथवरची, आणि अर्थात कोकणातली. १९८२च्या गिरणी संपानंतर तर काहींचे बापच घरी बसलेले आणि पोरं कामावर. शाळा साडेसहाला भरे. नियमाप्रमाणं हजेरी पहिल्या तासाच्या सुरुवातीला घ्यायची. साडेसहाला वर्ग निम्मा रिकामा असायचा; मालकानं सोडलं की मुलं धावत यायची, कुणी पावणेसातला, कुणी सातला. मी मुख्याध्यापकांना भेटलो. ते स्वतः रात्रशाळेत शिकलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हजेरी दुसऱ्या तासाच्या शेवटी घ्यायची असं सगळ्या वर्गांसाठी ठरवलं. पहिल्या तासाला मी नवीन धडा घेत नसे. जे आले असतील त्यांची कालची गणितं बघायचो. मागाहून येणाऱ्यांनी दार वाजवायचं नाही, परवानगी मागायची नाही, सरळ येऊन बसायचं, असं सांगून ठेवलं होतं. सात वाजून गेले की वर्ग भरलेला असे. मग मी फळा पुसायचो आणि नवा धडा सुरू करायचो.